परातीतली नदी

५ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार घातला असं समज, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात आहेत आणि हे पत्र मी मध्ये मध्ये हात पुसून लिहिते आहे. कागदाच्या कोपऱ्यावर जो तपकिरी डाग दिसतोय तो चहाचा नाही. तो पाच हजार वर्षांपूर्वीचा नदीकाठ आहे.

बातमी अशी, की तुझ्या भाचीला संग्रहालयात अख्खी एक खोली मिळाली. माणसांनी पहिली शहरं कुठे वसवली, आणि तिथेच का वसवली, हे मुलांना दाखवायचं. नदी, डोंगर, वाळवंट, माती, सगळं त्यात आलं. मी म्हटलं, दाखवायचं कशाला, करूनच बघू देत. बारा फुटी टेबल घेतलं, माती-वाळू भरली, मधून नदी काढली, काठाला बोटभर उंचीची घरं मांडली. मागच्या खोलीत पाण्याचं पिंप आणि मोटर. मुलांनी कालवा उघडायचा, शेतात पाणी न्यायचं आणि गाव वाढवायचं.

कल्पना झकास आहे. फक्त चालत नाही.

कालवा उघडला तरी शेतात थेंब जात नाही. मोटर वाढवली की गाव घरादारासकट वाहत जाऊन टेबलाच्या टोकाला गोळा होतं. काल तिसऱ्यांदा मी देऊळ गाळणीने बाहेर काढलं.

आमच्या संचालिका मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. इमारतीतल्या प्रत्येक भिंतीवर 'कृपया हात लावू नये' ही पाटी त्यांनीच लावली आहे. त्यांना टेबल मुळातच नको. भिंतीवर मोठा पडदा हवा, त्यावर चित्रं हलतील आणि फरशी कोरडी राहील. म्हणाल्या, "वीस फेब्रुवारीला उद्घाटन. त्या दिवशी चाललं तर राहील. नाही चाललं तर एकवीसला पडदा."

चाळीस वर्षं तू पाणीपुरवठ्यात पाईप टाकलेस. पाणी तुझं ऐकतं, माझं नाही. काय चुकतंय ते सांग.

तुझी,
चिखलराणी

११ जानेवारी

चिखलराणीस भरपूर आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

टपली अशासाठी, की तीन वर्षांची असताना मी खणलेल्या चरात बसून तू तासन्‌तास गाळ चिवडायचीस, नाव त्यावरूनच पडलं, आणि एवढं करून शिकलीस काय, तर काही नाही!

नदी खोदलीस ना? टेबलाच्या मधोमध चर काढलास आणि पाणी सोडलंस? खरं सांग. शाळेतल्या नकाशात नदी म्हणजे निळी रेघ, आणि रेघ म्हटली की सगळे खालीच खणतात. अगं, आपल्याकडे टाकी कुठे असते? वर. नळ कुठे असतो? खाली. तुझ्या टेबलावर टाकी खाली आणि नळ वर. मग पाणी काय शिडी लावून शेतात चढणार?

तुझं पत्र आल्यापासून मी ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं उपसतो आहे. ग्रंथपाल विचारतात, "परीक्षेला बसताय का?" मी म्हटलं, बसवलंय. तर ऐक. सपाट मैदानातून जाणारी गाळाची नदी पुरात काठावरून सांडते. सांडली की तिचा वेग मरतो, आणि जड गाळ सगळ्यात आधी काठावरच पडतो. दरवर्षी पडतो. काठ उंच होतात, तळही गाळाने उचलला जातो. शे-दोनशे वर्षांनी बघावं, तर नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा वर! ओट्यावर बसून खाली बघणाऱ्या म्हातारीसारखी. मग कालव्याला काय लागतं? काठाला एक खाच पाडली की पाणी आपल्या पायांनी शेतात उतरतं. आणि माणसं घरं कुठे बांधतात? त्याच उंच काठावर, कारण बाकी सगळी दलदल.

खात्री करायला मी मामीच्या परातीत नदी केली. माती बागेतली, पाणी चहाच्या किटलीतून. पहिल्या झटक्यात खाचेतून पाणी सुळकन खाली! मी एवढ्या जोरात ओरडलो की मामी धावत आली. तिने नदी पाहिली, मग परात ओळखली. पुढचं लिहीत नाही.

आणखी एक मजा. तैग्रिस-युफ्रेटिसच्या मैदानात, जिथे ती पहिली शहरं वसली, तिथे दगड नाही, धड लाकूड नाही. आहे ती फक्त माती. म्हणून विटा मातीच्या, विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे, आणि पत्रंही मातीची. इतकंच नाही, पत्रावर मातीचंच पाकीट! पत्र वाचायचं तर पाकीट फोडायचं. नशीब समज, नाही तर माझी पत्रं पोचवताना पोस्टमनची कंबर गेली असती.

तेव्हा नदी उचल. चार बोटं तरी.

तुझा मामा

१९ जानेवारी

मामा! मामा! मामा!

टेबल सगळं उपसलं. नदी चार बोटं उचलली, काठ थापले, खाच पाडली, आणि पाणी असं शेतात उतरलं जसं काही त्याचं तिथे जेवणाचं आमंत्रण होतं. मी फरशीवर बसून हसत सुटले. पहारेकरी काका डोकावून गेले आणि बाहेर कुणाला तरी म्हणाले, "बाईंना जरा पाणी द्या." त्यांना वाटलं, चक्कर आली.

मॅडमनी विचारलं, "नदी शेतापेक्षा वर? हे कुणी सांगितलं?"

"माझ्या मामांनी."

"ते कुठल्या विद्यापीठात असतात?"

"पाणीपुरवठ्यात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग स्वतःच्या खोलीत जाऊन पुस्तकं काढून बसल्या. तासाभराने आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे." मामा, या बाईंच्या तोंडून हे दोन शब्द अकरा वर्षांत कुणी ऐकले नव्हते म्हणे.

पण नवीन दुखणं सुरू झालंय. नदी वर आली तसा काठ फुटायला लागला. नेमका वळणावर, रोज त्याच जागी. फुटला की पाणी नदी सोडून तिकडेच पळतं आणि गाव कोरडं पडतं. मॅडम म्हणतात, काठावर राळ ओतून पक्का करून टाका. मला ते पटत नाही, पण फुटका काठ घेऊन उद्घाटन तरी कसं करू?

तू ये ना. चार दिवस राहा, मामीलाही आण. तू नुसता टेबलाजवळ उभा राहिलास तरी पाणी सरळ वागेल.

तुझी चि.

२५ जानेवारी

चिखलराणी,

तुझं पत्र मामीने दोनदा वाचून दाखवायला लावलं, दुसऱ्या वेळी फक्त चष्म्याचा भाग.

राळ ओतू नकोस. राळ ओतलीस की ती नदी नाही, गटार झालं. काठ फुटतो हेच तर तुझ्या खोलीतलं सगळ्यात मोठं खरं आहे.

बघ, नाईल नदी होती शहाणी. ठरल्या दिवसांत हळूहळू चढायची, गाळ पसरून उतरायची, आणि मग लोक पेरणी करायचे. दोन्ही बाजूंना वाळवंट, म्हणजे आयती भिंत. सहसा कुणी चाल करून यायचं नाही. तिथली माणसं जरा निवांत. पण तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोघी जावा-जावा! शेतात पीक उभं असताना नेमक्या फुगायच्या. कधी काठ फोडून दुसरीकडेच निघून जायच्या आणि भरलं शहर मागे कोरडं ठणठणीत. तिथले देवसुद्धा चिडके, म्हणतात. मला त्यात नवल वाटत नाही. सकाळी नळाला पाणी येणार की नाही हे माहीत नसलेली बाई चिडकीच असते, मी चाळीस वर्षं शिव्या खाल्ल्यात.

आता खरी गोष्ट. कालवा एकट्याने खणता येईल, पण दरवर्षी तो गाळाने भरतो, आणि काठ फुटला तर एकट्याच्या बापाला आवरत नाही. मग शेजाऱ्याला हाक मारावी लागते. शेजारी म्हणतो, मी का येऊ? मग पाळ्या लावा. पाळ्या कोण लक्षात ठेवणार? मग लिहिणारा माणूस आला. भांडण कोण सोडवणार? मग पंच आला. माझ्या नोकरीत एका गल्लीत अकरा घरांना मिळून एक पाईप होता. पहिल्या महिन्यात डोकी फुटली. सहाव्या महिन्यात पाळ्यांचा कागद भिंतीवर लागला. वर्षभराने तीच अकरा घरं मिळून नाटक बसवत होती! मला तर वाटतं, शहर असंच झालं असावं. पुस्तकं म्हणतात, एवढं सोपं नाही. नसेल. पण त्या पुस्तकवाल्यांनी ती गल्ली पाहिलेली नाही.

येण्याचं म्हणशील तर यंदा कठीण दिसतं. गुडघा कुरकुरतो. मामीच्या डोळ्यात औषध घालायचं असतं. शिवाय गच्चीवर कबुतरांनी घरटं केलंय, त्यांच्याकडे बघायला हवं.

तुझा मामा

१ फेब्रुवारी

मामा,

गुडघा समजला. मामीचं औषधही समजलं. पण कबुतरं?

स्पष्टच लिहिते. तुला हे सगळं पोरखेळ वाटत असेल तर तसं सांग. खरं काम सोडून भाची खेळण्यातली नदी घेऊन बसली, असं तू आईला म्हणालास, हे तिनेच मला मध्यंतरी सांगितलं होतं. तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही.

काठ अजून फुटतो आहे. काल दोनदा. राळेचा डबा मॅडमनी माझ्या टेबलाखाली आणून ठेवलाय. उद्घाटनाला एकोणीस दिवस आहेत.

तुझी भाची

७ फेब्रुवारी

बाळ,

हे मी शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तुझ्या मामांना कळता कामा नये.

पोरखेळ म्हणतेस? माझी परात चार आठवडे झाले गच्चीवर आहे. आता तिच्यात दोन नद्या आहेत. मी कणीक पातेल्यात मळते. येईल त्या माणसाला वर नेऊन दाखवतात. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा अर्धा तास अडकला. "माझी भाची संग्रहालयात असते," हे प्रत्येकाला सांगून झालंय. कबुतरं नाहीत.

खरं कारण मी सांगते. लग्नानंतर वर्षभरात आम्ही एक संग्रहालय बघायला गेलो होतो. तिथे जमिनीत सापडलेला मातीचा जुना पाईप ठेवला होता. यांनी तो पाहिला आणि भान हरपलं. एक नळी दुसरीत कशी बसवली आहे, सांधा कशाने भरलाय, हे बघायला सरळ हात घातला. पहारेकरी असा ओरडला की अख्खं दालन वळून बघायला लागलं. चांगले कपडे घातलेला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "अडाणी लोकांना आत सोडतात कशाला?" हे तिथून तसेच बाहेर पडले. घरी येऊन नुसते हात धूत राहिले. त्यानंतर अशा इमारतीची पायरी चढले नाहीत. चौथी शिकलेला माणूस तिथे गेला तर भाचीची मान खाली जाईल, हे डोक्यात पक्कं बसलंय.

पण नवा सदरा आणलाय बरं का. पांढरा. तीनदा घालून आरशापुढे उभे राहिले, कॉलरमधला पुठ्ठासुद्धा न काढता, आणि घडी करून परत कपाटात ठेवला.

तू चिडू नकोस, एवढंच.

तुझी मामी

१२ फेब्रुवारी

मामी,

पत्र शेजारणीच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून झालं की कालव्यात सोड.

मी रडले, मग स्वतःवर चिडले, मग राळेचा डबा उचलून कोठीघरात ठेवून आले. मॅडमना सांगितलं, काठ मातीचाच राहील. त्या म्हणाल्या, "उद्घाटनाला फुटला तर?" मी म्हटलं, "तर एकवीसला पडदा लावा." त्यांनी मान डोलावली. पडद्यासाठी भिंतीवर खिळे ठोकून झालेत, मामी. चार मोठे खिळे. काम करताना रोज दिसतात.

मामांना काही म्हणू नकोस. यायचं तर ते आपल्या पायांनी येऊ देत. फक्त बोलता बोलता एवढं कानावर घाल, की दार दहा वाजता उघडतं आणि शाळेची मुलं रांगेने आत जातात. गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही.

तुझी चिखलराणी

२१ फेब्रुवारी

मामा,

तू आला होतास.

नाही म्हणू नकोस. पुरावे माझ्यासमोर टेबलावर आहेत. पण आधी सगळं क्रमाने सांगते, कारण महत्त्वाचा भाग तू पाहिलास आणि मी पाहिला नाही.

दहाला मुलं आत आली. चाळीस तरी असतील. कालवा उघडला, पाणी उतरलं, एकच आरडाओरडा झाला. मॅडम रेशमी साडीत, पाहुण्यांना घेऊन उभ्या. दहा मिनिटं माझं आयुष्य अगदी सुंदर होतं. मग वळणावर काठाला बारीक चीर दिसली. मी ओळखलं. चावी बंद करायला मागच्या खोलीत धावले, तर चावी अडकलेली! दोन्ही हातांनी पिळते आहे, हलत नाही, आणि बाहेरून किंचाळ्या. मी मनात म्हटलं, संपलं. चार खिळे डोळ्यांपुढे आले.

चावी फिरली, मी बाहेर आले, आणि बघते तर काठ उभा! पंधरा-वीस मुलं टेबलाला भिडलेली, एकमेकांच्या हाताला हात लावून मातीची भिंत धरून ठेवलेली. दोन मुली मागून ओला गाळ थापत होत्या. एक जण "पाळी बदला, पाळी बदला!" म्हणून ओरडत होती. गाव कोरडं राहिलं होतं. आणि त्या रांगेत, दोन मुलांच्या मधे, कोपरापर्यंत चिखलात, आमच्या मॅडम. रेशमी साडीचा पदर कमरेला खोचलेला!

नंतर मी त्यांना विचारलं, हे झालं कसं? म्हणाल्या, "एक वयस्कर गृहस्थ होते. काठ फुटल्याबरोबर त्यांनी तळवा लावला. मग मुलांना म्हणाले, माझ्या एका हाताने नाही भागणार रे, या सगळे. मी बाजूला उभी होते. माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, बघत काय उभ्या राहिलात? हात लावा." मॅडमनी पदरावरची सुकलेली माती झटकली. "आणि मी लावला."

पहारेकरी काका म्हणाले, "पांढरा सदरा होता. बाह्या खराब झाल्या होत्या. मुलांनी काठ धरला तसे ते टेबलाच्या पायाशी वाकून काहीतरी करत होते. मी विचारलं, कोण आपण? तर म्हणाले, कुणी नाही, पाणी बघायला आलो होतो. आणि गेले की हो!"

आता पुरावे. एक: टेबलाच्या कडेवर ठेवलेली, पातळी बघायची तुझी पितळी पाणसळ, बुडबुडा अगदी मधोमध. दोन: टेबलाच्या डाव्या पायाखाली चार घड्या घालून सारलेला पुठ्ठा. मी तो काढून उलगडला (मग घाईघाईने परत घातला). कॉलरचा होता, मामा. त्या पायाजवळ फरशी खचलेली आहे हे मला दोन महिने कळलं नाही. पाणी सगळा भार त्याच काठावर टाकत होतं, म्हणून काठ रोज तिथेच फुटत होता.

खिळे आज सकाळी काढले. मॅडमनी स्वतः उभं राहून काढून घेतले. टेबल राहणार. काठ मातीचाच राहणार, आणि रोज अकरा वाजता तो मुद्दाम फोडायचा, असं ठरलंय.

एक काम मात्र तुझ्यासाठी आहे. भिंतीवर टेबलाविषयी फलक लावायचाय. मी दीड पान लिहून दिलं होतं. मॅडमनी ते परत केलं आणि म्हणाल्या, "त्या गृहस्थांना विचारा काय लिहायचं. मोजक्या शब्दांत."

आणि मला न भेटता का गेलास?

तुझी,
चि.

२६ फेब्रुवारी

चिखलराणी,

पकडला गेलो. मामीने तर सदरा भिजत घालतानाच ओळखलं. म्हणाली, "कबुतरं फार चिखलात खेळतात हो हल्ली."

भेटायला थांबलो होतो, खरंच. दाराशी उभा होतो. तू मागच्या खोलीतून आलीस, केस पिंजारलेले, गालावर गाळ, आणि त्या मुलांकडे बघून अशी हसलीस, की चरात बसलेली तीन वर्षांची पोर डोळ्यांपुढे आली. हाक मारायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. म्हटलं, एवढ्या पाहुण्यांत म्हातारा रडताना नको दिसायला. बाहेर बाकावर बसलो, मग बस आली. खेळण्यातली नदी असं मी म्हटलं होतं, ते खरं आहे. तुझ्या आईला म्हटलं होतं. शब्द परत घेतो. खेळणं असतं तर माझ्या हाताला एवढा जोर लागला नसता.

आणि मॅडमना माझी क्षमा सांग. कोण उभं आहे ते मी बघितलंच नाही. पाणी फुटतं तेव्हा माणसाला फक्त हात दिसतात.

चावीला तेल घाल. फरशी नीट करून घे, पुठ्ठा पावसाळाभरही टिकायचा नाही. पाणसळ तिथेच राहू दे. आमच्या घरात आता सरळ करण्यासारखं काही उरलं नाही, एक तुझी मामी सोडून, आणि तिथे बुडबुडा कधीच मध्ये आला नाही. (हे वाक्य तिने वाचलंय. परात परत मागते आहे.)

गुरुवारी आम्ही दोघं येतो. दहाच्या रांगेत उभे राहू. सदरा धुतलाय, डाग गेले नाहीत, तोच घालणार आहे.

फलकाचं चार दिवस डोक्यात घोळवलं. गाळ, काठ, दोन नद्या, पाळ्यांचा कागद, सगळं लिहून पाहिलं आणि खोडलं. मॅडमना म्हणावं, इमारतीत इतक्या पाट्या तुम्ही लावल्याच आहेत. त्यातलीच एक उतरवा, तिच्यातले नको ते शब्द पुसा, एक अक्षर बदला, आणि टेबलाच्या वर टांगा:

हात लावा.

तुझा मामा